फुगायला वेळ नव्हता

तिनं खमीर मागितलं.
मी म्हणाले, खमीर बेकरीत भेटतं
आणि बेकरी आज बंद, शुक्रवार आहे.
ती हसली. शुक्रवार तिच्या नावातच होता म्हणे,
एफुआ, शुक्रवारी जन्मलेली.
आमच्यात असतीस तर शुक्री झाली असतीस,
मी सहज बोलून गेले,
आणि बेगमपुऱ्यात तिला तेच नाव पडलं.

दुकानाच्या फळीवर कोपर टेकून
मोडक्या हिंदीत तिनं बोटांवर हिशेब मांडला:
मैत्रीण रात्रीच्या देवगिरीनं जायलीय,
मुंबई, मग विमान, मग अक्रा,
विद्यापीठातलं काम अर्धं टाकून, कायमची.
गोळा फुगायला दोन तास.
दोन तास नव्हते.

"मग बगर खमिराचं कर की,"
मी म्हणाले,
जसं काही मला ठाऊकच होतं ती काय करायलीय ते.

बेकिंग पावडरची डबी मागच्या दिवाळीची.
चिमूटभर ऊन पाण्यात टाकून पाहिली,
फसफसली. जिवंत होती.
अर्धा किलो मैदा, वाटीभर साखर, मीठ.
पुढचं नाव तिला येईना.
तिनं हवेत एक गोटी काढली
आणि मूठ भिंतीवर खरखर घासली.
मी सुपारी दिली. नाही.
वेलदोडे दिले. नाही.
मग पुरणासाठी ठेवलेलं जायफळ दिलं,
तिनं ते नाकाशी नेलं
आणि बराच वेळ परत दिलं नाही.

दुकानामागं माझा स्वयंपाक.
तिच्या हातात कागदात गुंडाळलेली दोन अंडी होती,
ती उंबऱ्याशी थांबली.
चार वर्षांत कळलं असेल तिला,
कुठल्या दारात काय अडतं.
खरं सांगते, मीही थांबले.
मग म्हणाले, "ताक आहे."
अंडी राहिली बाहेर तराजूपाशी,
दोन पांढरी वजनं.

करडईचं तेल तापलं.
तिनं पीठ मुठीत घेतलं,
अंगठ्याच्या बेचक्यातून एकेक गोळा
सोडला, सोडला, सोडला,
गोल, जसे काही मोजून.
माझ्यांना शेपट्या आल्या.
ती शेपट्यांनाही हसली.
झारा घेऊन मी पालटायला धावले
तर तिनं मनगट धरलं. थांब.
एक अंग भाजलं की
ते आपणहून कुशीवर वळतात.
वळले.
एवढी वर्षं तळते मी,
नुसतं उभं राहून कधी पाहिलं नव्हतं.

"हे तर गुलगुले!"
"बन्स," ती म्हणाली.
"गुलगुले."
"बन्स."
गुळाचे असते तर मी ऐकलं नसतं.
साखरेचे होते, म्हणून सोडून दिलं.

मैत्रीण आली बॅग ओढत. आबेना.
म्हणजे मंगळवारची, शुक्रीनं सांगितलं.
मी मनात म्हटलं, मंगळवारची,
आणि कुणी पत्रिका काढून घाबरवलं नाही हिला.
तिनं एक उचलला, जीभ पोळली,
तरी तोंड उघडेना.
मग त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, लांबलचक.
शुक्रीनं मला एवढंच सांगितलं:
"आंबट आहे, म्हणते.
तिच्या आईचे आंबट नसतात."
ताक माझं होतं. मी गप्प.
आबेनानं दुसरा घेतला.

डबा स्टीलचा दिला, परत येणार नाही हे धरून.
रिक्षा मकबऱ्याकडं वळली,
मी कढईतलं उरलेलं तेल गाळलं,
ओट्यावरचा मैदा पुसला,
जायफळाचा वास पुसला गेला नाही.

अंडी तराजूपाशीच होती.
रात्रभर तिथंच राहू दिली.

पुढच्या शुक्रवारी ती साबण घ्यायला आली, एकटीच.
मी साबण दिला, सुटे मोजले,
आणि तिच्याकडं न बघता विचारलं,
"अंडं घालून कसे लागतात गं ते?"